सणाची पहिली न्याहारी: फळे घालून भाजलेली ओटची वडी

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे सकाळच्या खाण्याला वेळापत्रक राहत नाही. एरवी सात वाजता चहा-पोळी खाणारा माणूस पहाटे पाचला उठून उटणे लावतो, अंघोळ करतो, ओवाळून घेतो, देवदर्शनाला जातो, मग पाहुणे येतात आणि फराळाची ताटली हातात पडते तेव्हा दहा वाजलेले असतात. ताटलीत काय असते ते सांगायला नको. त्यातला प्रत्येक पदार्थ रुचकर असतो आणि आठवडाभर चुलीपुढे बसून तो करणाऱ्या माउलीच्या कष्टांची मला पूर्ण जाणीव आहे. पण पाच तास रिकाम्या पोटी काढून मग तळण, मैदा आणि साखर यांनी दिवसाची सुरुवात करणे धडधाकट माणसाला एक वेळ चालते. मधुमेहाची किंवा हृदयविकाराची गोळी चालू असलेल्याला चालत नाही. आणि असा एकही माणूस नसलेले घर आता आपल्या गावात शोधावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे साधारण नऊ माणसांमागे एक.

दिवाळीच काय, ईदच्या दिवशी नमाजानंतर शीरखुर्मा येईपर्यंत आणि नाताळच्या सकाळी चर्चहून परतेपर्यंत हीच गत असते. म्हणून आज एक असा पदार्थ सांगतो, जो आदल्या रात्री करून ठेवता येतो, सकाळी मोजून वाढता येतो आणि सहा वाजता गोळीबरोबर उभ्या उभ्याही खाता येतो. ओट, दूध आणि फळे एकत्र करून भाजलेली ही वडी आहे. परदेशात सुट्टीच्या दिवशी घरोघरी ती करतात. आपल्याकडे ती ज्वारीच्या कण्यांचीही उत्तम होते, तीही कृती पुढे देतो.

गोळी घेतली, खाणे राहिले

काही वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास साठी ओलांडलेल्या एका निवृत्त गृहस्थांना त्यांच्या मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात आणले. अंग घामाने थबथबलेले, बोलणे अडखळत होते, मुलाला ते भलत्याच नावाने हाक मारीत होते. घरच्यांना वाटले, अर्धांगाचा झटका आला. ग्लुकोमीटरवर साखर निघाली ४२. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत गृहस्थ उठून बसले आणि "मला इथे कशाला आणलंत?" असे विचारू लागले.

झाले होते ते साधे होते. नेहमीप्रमाणे सात वाजता त्यांनी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन बाहेर काढवते, पोटात अन्न असो वा नसो. एरवी गोळीनंतर अर्ध्या तासात त्यांची न्याहारी होई. त्या दिवशी पाहुणे वाटेत अडकले आणि फराळ सगळ्यांनी मिळून करायचा म्हणून हे थांबले. साखर उतरत गेली. त्यांना मी सबंध दिवस दवाखान्यातच ठेवले, कारण या जातीच्या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि वयस्कर माणसाची, विशेषतः मूत्रपिंड थोडे कमजोर असलेल्याची, साखर एकदा सावरून पुन्हा उतरू शकते.

असे रुग्ण मला दर दिवाळीत दिसतात. भाऊबीज संपल्यावर दुसऱ्या प्रकारचे रुग्ण येतात, ज्यांची साखर तीनशेच्या पुढे गेलेली असते. आधीचे चार तास खाल्ले नाही आणि नंतरचे चार दिवस थांबले नाहीत, अशी ही एकाच सणाची दोन टोके आहेत. सकाळी वेळेवर पोटात गेलेले, सावकाश पचणारे असे काहीतरी असेल तर दोन्हींना बराच आळा बसतो. पोट भरलेला माणूस चकली चवीपुरती खातो. भुकेलेला माणूस डबा उघडतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. साखर उतरल्याची लक्षणे दिसली, म्हणजे घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे, तर तेव्हा ही वडी खायला देऊ नका. ती सावकाश पचते, हाच तिचा गुण त्या क्षणी दोष ठरतो. तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा आणि बरे वाटल्यावर मग खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. सरळ दवाखाना गाठा.

हे तर आमच्या गाई खातात!

ओट हे नाव आपल्या तालुक्यातल्या दूध उत्पादकाला नवे नाही. रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी ओट पेरणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. त्यातला केंट हा वाण जुना आणि सर्वांच्या माहितीचा, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही 'फुले हरिता' हा ओटचा वाण दिला आहे. त्यामुळे मी एका शेतकरी रुग्णाला ओट खा म्हटले तेव्हा तो हसून म्हणाला, "डॉक्टर, हे तर आमच्या गाई खातात!" त्याचे बरोबरच होते. गाय खाते तो फुलोऱ्यात कापलेला हिरवा पाला. आपण खायचा तो पिकलेला दाणा. वरचे टरफल काढून, वाफवून, रुळांखाली चपटा केलेला. आपल्या पोह्यांसारखीच रीत, फरक इतकाच की पोह्यांच्या तांदळावरचा कोंडा बराचसा निघून जातो आणि ओटचा दाण्यावरच राहतो.

या कोंड्यात बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतुमय पदार्थ असतो. ओट शिजवले की जो बुळबुळीतपणा येतो तो त्याचाच. पोटात गेल्यावर तो अन्नाचा लगदा दाट करतो, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. आतड्यात तो पित्ताम्ले धरून ठेवतो आणि ती शौचावाटे बाहेर जातात. मग नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल खर्च करते. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेले तर काही आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल साधारण पाच-सात टक्के उतरते, असे दिसून आले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओटच्या वेष्टनावर हृदयाला हितकर असा मजकूर छापण्यास परवानगी दिली ती याच आधारावर.

आता हिशेब पाहा. मी सांगणार आहे त्या एका वडीत ३० ग्रॅम ओट जातात, त्यातून बीटा-ग्लुकान मिळते सव्वा ग्रॅमच्या आसपास. तेव्हा सणाच्या सकाळी एक वडी खाल्ली आणि कोलेस्टेरॉल उतरले असे होत नाही, आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करण्याचे तर नावच काढू नये. ओट हे औषध नाही, ते चांगले धान्य आहे.

दुकानात ओट दोन-तीन प्रकारचे मिळतात. जाड पाकळीचे घ्यावेत. 'झटपट' म्हणून मिळतात ते बारीक तुकडे केलेले असतात, लवकर शिजतात आणि लवकर पचतात, म्हणजे साखरही लवकर वाढवतात. मसाल्याच्या पुड्यांतील ओटमध्ये मीठ भरपूर, आणि फळांच्या स्वादाच्या पुड्यांत साखर भरपूर. पुडीवर घटकांची यादी असते. जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी लिहावा लागतो. साखर दुसऱ्या क्रमांकावर दिसली तर पुडी परत ठेवावी. साधे ओट घेतले की ते स्वस्तही पडतात.

आपल्या घरचे धान्य

ओटसाठी अडून बसण्याचे कारण नाही. आपला नगर जिल्हा ज्वारी-बाजरीचा. शेजारच्या अकोले तालुक्यात डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकते. याच अकोल्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्याच डोंगरातल्या धान्याकडे शहरांनी जरा आदराने पाहिले. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारीचे पोहे, नागलीचे पोहे किराणा दुकानांतही दिसू लागले.

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ते सगळेच अंगी लागत नाही हे खरे, तरीही वाढत्या मुलांना आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना नागली द्यावीच. बाजरीत लोह चांगले असते. मात्र बीटा-ग्लुकानच्या बाबतीत ज्वारी-बाजरी ओटची बरोबरी करीत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती बरोबरी करते जव, म्हणजे आपला जुना सातू. गंमत अशी की आज घरोघरी 'सातूचे पीठ' म्हणून जे दळून आणतात त्यात बहुधा गहू आणि डाळवेच असते, सातूचा दाणाही नसतो! दळताना त्यात खरा जव घातला तर नावही सार्थ होईल आणि कोलेस्टेरॉलवाल्यांचाही फायदा होईल.

आणि भाजणे म्हटले की ते काही आपले नव्हे, असे मानू नये. कोकणात जून काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र करून, पातेल्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून धोंडस भाजतात. ते भाजलेल्या धान्याच्या वडीचेच रूप आहे. आपल्या लहानपणी तर दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीवर जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, हा घरातल्या मुलांचा कार्यक्रमच असे. पत्र्याच्या डब्याला चिकटलेला तो वास ज्यांना आठवतो त्यांना ही वडी परकी वाटणार नाही.

कृती

ही मापे ६ माणसांची आहेत. वाटी म्हणजे आपली आमटीची, साधारण १५० मिलिलिटरची. जाड ओट ३ वाट्या घ्या, म्हणजे १८० ग्रॅमच्या आसपास. त्यात अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, २ मोठे चमचे जवसाची भाजून केलेली पूड, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची किंवा दालचिनीची पूड घाला. दुसऱ्या भांड्यात २ पूर्ण पिकलेली केळी कुस्करा. सालीवर काळे ठिपके आलेलीच घ्या, ती गोड असतात आणि दुसरी साखर लागत नाही. ६ खजूर बिया काढून बारीक चिरा, १ सफरचंद सालासकट किसा किंवा बारीक फोडी करा आणि हे सगळे ३ वाट्या साय काढलेल्या दुधात मिसळा. अंडे चालत असेल तर एक फेटून घाला, वडी चांगली बांधली जाते. नसेल चालत तर जवसाची पूड तेच काम करते, मात्र मग मिश्रण १५ मिनिटे भिजत ठेवा. आता दोन्ही एकत्र करा. मिश्रण भज्यांच्या पिठाहून पातळ दिसेल. घाबरून आणखी ओट घालू नका, ओट दूध पिऊन घेतात. ते कमी पडले की वडी कोरडी, घशात अडकणारी होते, आणि मग घरचे लोक म्हणतात की आरोग्याचे पदार्थ असेच असतात.

डब्याला तुपाचा हात लावा आणि मिश्रण दोन बोटे उंचीचे ओता. विजेची भट्टी असेल तर १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत अर्धा किलो जाडे मीठ पसरा, त्यावर एक छोटी तिवई किंवा उपडी वाटी ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा. मग डबा तिवईवर ठेवून पुन्हा झाकण घाला आणि मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटे भाजा. मध्ये दोनदाच डोकवा. सुरी खुपसून ती जवळजवळ कोरडी बाहेर आली की झाले. न चिकटणाऱ्या लेपाची कढई यासाठी मुळीच वापरू नये, कोरड्या आचेवर तो लेप जळतो. कोणी शिट्टी आणि रिंग काढून कुकरमध्येही भाजतात, पण कोरडा कुकर तापवायला त्याच्या माहितीपत्रकातच बहुधा मनाई केलेली असते, म्हणून मी कढईच सांगतो. मिठाची कढई तासभर तरी तापलेली राहते, पोरांना स्वयंपाकघरातून दूर ठेवा. दिवाळीत भाजण्याचे रुग्ण फटाक्यांचेच असतात असे नाही.

निवाल्यावर ६ सारखे तुकडे करा. गरम असताना कापली तर वडी विस्कटते.

ज्वारीच्या कण्यांची करायची असेल तर १ वाटी कण्या रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून ३ वाट्या पाण्यात कुकरला ३-४ शिट्ट्या देऊन मऊ शिजवा. अर्धी वाटी भाजलेले नागलीचे पीठ दीड वाटी दुधात गुठळी न होता कालवा. दोन्ही एकत्र करून बाकीचे सारे जिन्नस वरच्यासारखेच घाला आणि तसेच भाजा. रंग काळपट येतो, चव मात्र खमंग. आमच्या घरी दोन्ही केल्या तेव्हा मुलांनी ओटची उचलली आणि वडीलधाऱ्यांनी कण्यांची. एकादशीला कोणी भगर आणि राजगिऱ्याच्या पिठाची करून पाहिली तर होईल, पण भगर शिजली की फार लवकर पचते. मधुमेह्याने त्या भरवशावर राहू नये.

गोडव्याविषयी

या कृतीत साखर नाही आणि गूळही नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बसून, जिथे प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तिथे, साखर कमी खा असे लिहिणे अवघड आहे. तरी लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की दिवसभरातल्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, शक्यतो पाचच्या आत. पाच टक्के म्हणजे प्रौढाला साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा लहान चमचे. तीन कप गोड चहातच ते संपतात. गूळ, मध, काकवी यांत थोडी खनिजे असतील, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने ती साखरेचीच भावंडे आहेत. "गुळाचं आहे हो डॉक्टर" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो.

केळी आणि खजूर यांतही साखर आहेच. एका वडीत एकूण पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास जातात, दोन पोळ्यांच्या जवळपास. उष्मांक २७५ ते ३००, प्रथिने सुमारे ९ ग्रॅम. म्हणून मधुमेह्याने एक वडी खावी, दोन नव्हे. सोबत साखर न घातलेले वाटीभर दही घ्यावे. खजूर सहाऐवजी तीन घातले तरी चालते, जिभेला आठवडाभरात सवय होते. तुलनेसाठी सांगतो, एक बेसनाचा लाडू, दोन करंज्या, एक चकली आणि मूठभर चिवडा एवढी ताटली सहज ६०० उष्मांकांच्या पुढे जाते, आणि अशा ताटल्या त्या दिवशी प्रत्येक घरी पुढ्यात येतात. सकाळी सहाला वडी खाऊन निघालेल्याने दहा वाजता एक करंजी घेतली तर मी रागावणार नाही. त्याच्या बदल्यात दुपारी भात सोडावा.

फळे भाजायची कोणती, कच्ची कोणती?

केळे, सफरचंद, चिकू ही फळे भाजली की गोड लागतात आणि त्यांचे फार नुकसान होत नाही. पेरू मात्र भाजू नये. राहात्याचा पेरू हे आपल्या जिल्ह्याचे वैभव आहे. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे असते, संत्र्याच्या कित्येक पट, आणि ते उष्णतेने नष्ट होते. पेरूच्या फोडी सालासकट वडीबरोबर कच्च्याच खाव्यात. याचा आणखी एक लाभ असा की धान्यातले लोह शरीराला सहजासहजी शोषता येत नाही, क जीवनसत्त्व सोबत असले की ते बरेच जास्त शोषले जाते. रक्त कमी असलेल्या मुलीला कण्यांची वडी आणि पेरू द्यावा. चहा मात्र तासाभराने, कारण चहा नेमके उलटे काम करतो.

डाळिंबाबद्दल लोकांचा पक्का समज आहे की ते रक्त वाढवते. दाण्यांचा रंग पाहून तो झाला असावा. शंभर ग्रॅम डाळिंबात लोह एक मिलिग्रॅमही नसते. आपल्या तालुक्यातल्या डाळिंब बागाईतदारांनी रागावू नये, फळ उत्तमच आहे. दाणे वडीवर पसरून चोथ्यासकट चावून खावेत, गाळून रस काढला की चोथा गेला आणि साखर तेवढी उरली. पण हिमोग्लोबिन आठ असलेल्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या थांबवून रोज डाळिंबाचा रस पाजणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि तिथे मला आवाज चढवावा लागतो. सीताफळ दिवाळीच्या सुमारास भरात असते. त्याचा गर काढून वडीत घालण्याचा खटाटोप करू नका, बिया कुठेतरी राहतातच. मधुमेह्याने लहान फळातले अर्धे, आणि त्या दिवशी वडीतला खजूर गाळून.

कोणी जपावे

डायलिसिस चालू असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडे बरीच निकामी झालेल्यांनी ही वडी खाऊ नये. केळी, खजूर, शेंगदाणे या तिन्हींत पोटॅशियम भरपूर असते आणि अशा रुग्णाच्या रक्तात ते साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारूनच त्यांनी फळ निवडावे. गव्हातल्या ग्लुटेनचे वावडे असलेल्या मुलांना साधे ओट देऊ नयेत, कारण गिरणीत त्यांत गव्हाची भेसळ होते. त्यांच्यासाठी ज्वारी-नागलीची वडी निर्धोक आहे, कण्या आणि पीठ मात्र घरी निवडलेल्या धान्याचे हवे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या वडीत अख्खे दाणे, अक्रोडाचे तुकडे नसावेत, कूटच असावा. आजी कौतुकाने वरून मधाचे बोट लावते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून होणारी विषबाधा बाळाचे स्नायू लुळे पाडते.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आधी पाण्याबरोबर घ्यावी आणि वडी निदान अर्ध्या तासाने, शक्य तर तासाने खावी. साखरेच्या गोळ्यांपैकी कोणती खाण्याआधी आणि कोणती खाण्याबरोबर, हे चिठ्ठीवर लिहिलेले असते. सणाच्या आधी एकदा ते वाचून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी सुई टोचण्यापूर्वी वडी समोर ठेवलेली असावी. पाहुणे आले नाहीत म्हणून खाणे लांबणार असेल तर सुईही लांबवावी. मात्र मात्रा आपल्या मनाने वाढवू किंवा कमी करू नये.

रोज पाव-पोह्यांची सवय असलेल्याने पहिल्या दिवशी अर्धीच वडी खावी आणि वर पाणी भरपूर प्यावे, नाहीतर चोथ्याने पोट फुगते आणि दोष ओटला येतो. वडी दुधाची असल्याने रात्रभर ओट्यावर उघडी ठेवू नये. निवाली की तासाभरात डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, तिथे ३ दिवस चांगली राहते. सकाळी तव्यावर झाकण घालून दोन मिनिटे गरम करा. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी कोरडे जिन्नस रात्री एकत्र करून ठेवावेत आणि पहाटे बंबात पाणी तापत असताना कढई चढवावी. सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत वडी तयार होते.